त्याच वीस चुका

पोरं वाटायचा दिवस होता. शाळेच्या व्हरांड्यात बावीस जणी उभ्या, आणि समोर भिंतीला पाठ लावून तिसरीची बावीस पोरं. कुणाचं बोट नाकात, कुणाच्या शर्टाची कॉलर दातात. बावीस जणी म्हणजे उद्याच्या शिक्षिका. शहरातल्या शाळांत पोरांना वाचायला कसं शिकवायचं हे त्या शिकत होत्या, आणि सरावासाठी प्रत्येकीला एकेक जिवंत पोर मिळणार होतं. भाजीच्या गाडीवर बायका वाकतात तशा त्या पोरांवर वाकल्या होत्या. फक्त इथे सगळं उलटं. जो माल सगळ्यात खराब, त्याच्यावरच उड्या.

त्याला कारण कॉलेजची रीत. एक मूल, आठ आठवडे. पहिल्या आठवड्यात चाचणी, शेवटच्या आठवड्यात चाचणी, आणि दोन आकड्यांत जेवढं अंतर तेवढे गुण. म्हणजे ज्या पोराला ढिम्म काही येत नाही ते पोर म्हणजे लॉटरी. अशा पोरांना त्या आपापसात ‘कोरी’ म्हणायच्या. ‘मला कोरं मिळालं गं’ असं एकमेकींच्या कानात सांगायच्या, आणि जिला नाही मिळालं ती दिवसभर तोंड पाडून बसायची.

जुनीला सगळ्यात शेवटी निवडायचं होतं. तिचं खरं नाव फक्त हजेरीत उरलं होतं. गेल्या वर्षी ती ह्याच विषयात आपटली आणि ह्या वर्षी नव्या पोरींच्या बाकावर येऊन बसली, म्हणून जुनी. आपटली ती आळसाने नाही. गेल्या वर्षी तिने पोराला घसा फाटेपर्यंत शिकवलं होतं. ते तीनवरून सातवर गेलं. शेजारणीचं शून्यावरून चौदावर. जुनी चार गुण घेऊन घरी आली आणि शेजारणीचा टाळ्या वाजवून सत्कार झाला.

तिसऱ्यांदा बसायची सोय नव्हती. आणि घरात कोपऱ्यात मशीन उभं होतं. वहिनी शाळांचे गणवेश शिवायची. जुनी नापास झाली त्याच आठवड्यात तिने दुसरं शिलाई मशीन आणून जुनीच्या अंथरुणाच्या उशाशी ठेवलं, वर चादर टाकली. “पास झालीस तर विकून टाकू,” ती म्हणाली. “नाही झालीस तर बैस त्याच्यावर. माणूस रिकामं नको.” दादाने पेपरात तोंड खुपसलं. बायकोच्या मशीनच्या आवाजात आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायची त्याला जुनी सवय होती. त्या दिवशी मशीन बंद होतं, तरी ऐकू आलं नाही.

तर जुनीची पाळी आली तेव्हा भिंतीला एकच पोर उरलं होतं. हडकुळी पोरगी, दोन वेण्या, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या जागी टाचणी. तिने मान वाकडी करून जुनीच्या छातीवरचा बिल्ला बघितला आणि एकेक अक्षर चावून वाचला. “प्र-शि-क्ष-णा-र्थी. म्हणजे काय?”

जुनीने बिल्ल्यावर हात ठेवला. जी पोरगी बिल्ला वाचते ती आठ आठवड्यांत वाढून वाढून किती वाढणार? मागे दोघी फिसकन हसल्या. एकीने हळूच सांगितलं की ह्या पोरीला वर्गात ‘म्हणजेकाय’च म्हणतात, जे दिसेल ते वाचते आणि डोकं खाते. जुनीने वर्गाच्या सरांना विचारलं की दुसरं कुणी नाही का. सर म्हणाले, बासष्ट आहेत माझ्याकडे, पण तुम्हाला द्यायला बावीसच काढलीत, आणि त्यातली चांगली चांगली तुमच्या मैत्रिणी घेऊन गेल्या.

चाचणीला तीन दिवस होते. पहिल्या दिवशी जुनी नुसती पोरीकडे बघत बसली. घरी गेल्यावर तिने आपली वही काढली. वहीत कॉलेजने लिहून दिलेलं होतं, न वाचता येणारं मूल कसं कसं चुकतं. पहिलं अक्षर धरून बाकीचं ठोकून देतं. काना-मात्रा खातं. अक्षरं उलटी लावतं. नाहीतर गप्पच बसतं. शिकवणाऱ्याला रोग ओळखता यावा म्हणून ती यादी होती. जुनीने ती रोग लावायला वापरली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे बसून तिने पोरीला सांगितलं की आपण नापास व्हायचा खेळ खेळू. वीस शब्दांचं कार्ड असतं, तुला ते चुकीचं वाचायचं, पण खरं वाटेल असं. ‘कपाट’ आलं की ‘कपडा’. ‘मैदान’ला ‘मदन’. ‘दिवा’ आला की ‘वादी’. ‘घसरगुंडी’ला फक्त ‘घ… घर…’ आणि मग बोटाने शर्टाचं टोक चुरगळत बसायचं. कार्ड दरवर्षी तेच असायचं, आणि जुनीला गेल्या वर्षीचं तोंडपाठ होतं.

पोरगी खेळात अशी रंगली की विचारू नका. ‘वादी म्हणजे काय’ हे विचारून घेतलं, मग दोन दिवसांत वीसच्या वीस चुका घोटल्या. वर स्वतःच्या डोक्याने भर घातली. नवव्या शब्दाला खिडकीबाहेर बघायचं, तेराव्याला जांभई. जुनीला मनातून कबूल करावं लागलं की पोरगी हुशार आहे. त्याचा तिला रागच आला.

चाचणी करवत मॅडमनी घेतली. वाचन शिकवायचा विषय त्यांचा. आवाज बारीक आणि मागेपुढे मागेपुढे चालणारा, समोरचं माणूस दोन तुकडे झाल्याशिवाय थांबायचा नाही, म्हणून करवत. त्यांची शिस्त अशी की पोर जे म्हणेल ते कार्डावरच्या शब्दासमोर लाल शाईने जसंच्या तसं उतरवायचं. कपाट, समोर कपडा. मैदान, समोर मदन. वीस शब्द, वीस लाल चुका. खाली मोठं गोल शून्य, आणि शून्याखाली मॅडमची सही.

बाहेर आल्यावर बाकीच्या पोरी जळून खाक. काय नशीब आहे गं जुनी, शेवटी उरलेलं तेच अगदी कोरं निघालं. फिसकन हसलेल्या त्या दोघींनी तेवढा डोळा मारला. जुनीने पोरीला एक नवा खोडरबर दिला. पोरीने विचारलं, मी चांगली चुकले ना ताई? फार छान, जुनी म्हणाली. तिला मनापासून तसं वाटत होतं.

आता जुनीची चूक बघा. तिला वाटलं, शून्य कॉलेजच्या फायलीत राहील. पण कॉलेजला शाळा फुकट पोरं देत नव्हती. बदल्यात चाचणीचे आकडे हेडसरांकडे जायचे, आणि ज्यांना शून्य ती पोरं मागच्या खोलीत जायची. मागची खोली म्हणजे मोडक्या बाकांच्या कोठीशेजारची. पाटीवर ‘विशेष लक्ष वर्ग’ असं लिहिलेलं. आत लक्ष द्यायला एक म्हातारी सेविका, तीही चहाला गेलेली. पुस्तकं नाहीत, कारण वाचता येत नाही त्यांना पुस्तकं कशाला. रोज एकच छापील चित्र रंगवायला मिळायचं. बदक.

दुसऱ्या आठवड्यात जुनी तासाला गेली तर पोरगी वर्गात नव्हती. सरांनी हाताने मागे दाखवलं. जुनी चाचरत म्हणाली की तिला थोडंफार येतं बहुतेक. सरांनी वर न बघता सांगितलं, कागदावर शून्य आहे ना, मग शून्य. आणि बासष्टातली एक कमी झाली ह्याचं सुख त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

पोरगी मागच्या खोलीत दाराजवळ बसली होती. समोर बदक. तिने ते निळं रंगवलं होतं, काल हिरवं, परवा काळं. तिने विचारलं, मी परत वर्गात कधी जायचं? जुनीने सांगितलं, शेवटच्या चाचणीला नीट वाच, सगळं आपोआप ठीक होईल. पोरीने बोटांवर आठवडे मोजले आणि मान हलवली.

आता जुनीला शिकवायला काहीच नव्हतं. पोरीला येत होतं, फक्त झाकून ठेवायचं होतं. म्हणून तासाला ती वहिनीची शर्टांची पिशवी आणून बटणं लावायला लागली. एका शर्टाला सात बटणं. पोरगी समोर बसून, ज्या कागदात शर्ट गुंडाळलेले असायचे ते जुने पेपर वाचायची. ‘निविदा म्हणजे काय?’ ‘अपहार म्हणजे काय?’ सुरुवातीला जुनी सांगायची. मग म्हणायची नंतर सांगते. मग नुसतं हूं. पोरीच्या शर्टाला अजून टाचणीच होती. जुनीच्या मांडीवर बटणांचा डबा उघडा असायचा आणि पोरगी डब्याकडे बघायची, पण मागितलं कधी नाही. जुनीच्याही डोक्यात कधी आलं नाही. म्हणजे एकदा आलं होतं, पण वहिनी बटणं मोजून द्यायची.

पाचव्या आठवड्यात पोरगी बदकांना वैतागली. सकाळी सरळ हेडसरांच्या दारात गेली आणि बाहेरचा सूचना फलक मोठ्याने वाचायला लागली. शुल्क भरण्याची अंतिम तारीख. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळणार नाही. एकही अक्षर न सोडता, वरपासून खालपर्यंत. हेडसर चष्मा पुसत बाहेर आले. त्यांना शून्याचा कागद आठवला. त्यांनी जुनीला बोलावणं पाठवलं.

जुनी गेली तेव्हा पोरगी फलकाखाली उभी होती आणि चेहरा असा की आता सुटले. हेडसर म्हणाले, ही तर वाचते. मग तुमच्या कागदावर शून्य कसं?

एका वाक्याचं काम होतं. ‘हो सर, वाचते.’ पण ते वाक्य बोललं की लाल शाईतला कागद खोटा, कागद खोटा की जुनी बाहेर, आणि जुनी बाहेर की उशाजवळची चादर वर. तिने पोरीकडे बघितलं नाही. फलकाकडे बघितलं.

“पाठ केलंय सर,” ती म्हणाली. “येताजाता दुसऱ्यांकडून ऐकून बोर्ड पाठ झालाय तिला. अशी मुलं फसवतात. आम्हाला अभ्यासक्रमात आहे हे.”

अभ्यासक्रमात खरंच होतं. जुनीला त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते.

हेडसर हसले. बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर मी फसलो असतो, म्हणाले, आणि पोरीला दम दिला की लबाडी करायची नाही. शिक्षा म्हणून तिला मधल्या सुट्टीभर त्याच फलकाखाली उभं केलं. पोरं येताजाता तिला चिडवत होती, वाच ना, वाच ना. पोरीने तोंड उघडलं नाही. ती रडलीही नाही. जुनीला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिने एकदाही ‘म्हणजे काय’ विचारलं नाही. परत वर्गात कधी हेही नाही. तासाला यायची, पेपर वाचायची नाही, जुनीच्या सुईकडे बघत बसायची. जुनीने शेवटच्या आठवड्यात तिला बजावून बजावून सांगितलं की आता खरं वाचायचं, सगळेच्या सगळे वीस, खेळ संपला, त्याने तुझंही भलं आहे आणि माझंही. पोरगी हो म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली की जुनीने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

शेवटची चाचणी घ्यायला बाहेरच्या बाई आल्या. दुसऱ्या कॉलेजच्या, गोऱ्या, गुबगुबीत, प्रत्येक पोराला ‘सोन्या’ म्हणणाऱ्या. शेजारी करवत मॅडम, त्यांच्यापुढे पहिल्या चाचणीचे कागद. जुनी भिंतीला उभी. तिने मनात हिशोब केला होता की अगदी वीसपैकी वीस आले तर संशय येईल, अठरा बरे. तेवढं मात्र पोरीला सांगायचं राहिलं होतं.

बाहेरच्या बाईंनी तेच कार्ड पुढे केलं. वाच सोन्या.

पोरीने जुनीकडे बघितलं. मग कार्डाकडे.

“कपडा,” ती म्हणाली.

जुनीला आधी वाटलं, चुकून झालं.

“मदन. वादी. घ… घर…” आणि बोटाने शर्टाचं टोक चुरगळलं. नवव्याला खिडकीबाहेर बघितलं. तेराव्याला जांभई दिली. वीस शब्द, वीस चुका, त्याच, त्याच क्रमाने, पाण्याच्या टाकीमागे घोटलेल्या. पाचव्या शब्दापासून करवत मॅडम पोरीकडे बघतच नव्हत्या. त्यांचं बोट जुन्या कागदावरच्या लाल शाईवरून खाली खाली सरकत होतं, आणि पोरगी बोलायच्या आधी पुढच्या शब्दावर जाऊन थांबत होतं.

विसावा झाला. करवत मॅडमनी कागद उलटा केला आणि पोरीला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी. त्यांनी जुनीचा हात धरला. आठ आठवडे तू ह्या मुलीपाशी बसलीस, म्हणाल्या, आणि एक शब्द नाही. काहींच्यात नसतंच गं. त्यात शिकवणारीचा काय दोष? मग त्यांनी नियम सांगितला. मूल शिकण्यापलीकडचं आहे असा अहवाल शिकवणारीने स्वतःच्या हाताने लिहून दिला, तर अंतराचे गुण धरत नाहीत. पाठाची वही बघून पास करतात. जुनीची वही सुंदर होती. आठही आठवडे तिने न घेतलेले पाठ सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

बाई चहाला गेल्या. करवत मॅडमनी दार लोटलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक लागला होता.

“ज्याला खरंच येत नाही ते पोर दोनदा सारखं चुकत नाही,” त्या म्हणाल्या. “दरवेळी नवीन चुकतं. वीस वर्षं ऐकतेय मी.”

मॅडमनी उलटा कागद सुलटा केला.

“पहिल्या कागदावर सही माझी आहे. हा कागद उघडला तर बावीस उघडतील. आणि तुला काय वाटतं, तू एकटीच टाकीमागे बसलीस?” त्यांनी कोरा कागद आणि पेन जुनीपुढे सरकवलं. “लिही.”

जुनीला अजून एक वाक्य बोलता आलं असतं. ह्यावेळी तर ऐकणारीला सगळं माहीतच होतं. तिने खुर्ची ओढली. करवत मॅडम सांगत गेल्या आणि जुनी लिहीत गेली, गोल, सुटसुटीत, तिसरीच्या पोरालाही लागेल अशा अक्षरात. सदर विद्यार्थिनीची ग्रहणशक्ती अत्यल्प आहे. आठ आठवड्यांच्या प्रयत्नानंतरही प्रगती शून्य. तिला कायमस्वरूपी विशेष वर्गात ठेवावे. खाली सही. जुनीचं खरं नाव, पूर्ण.

मॅडमनी कागदाला मधोमध घडी घातली. हेडसरांना आत्ताच गेला पाहिजे, म्हणाल्या, पोरीच्या हाती दे, ती कुठे वाचणार आहे. म्हणताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्या चहाला गेल्या.

पोरगी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. चेहऱ्यावर लबाड आनंद. तिच्या हिशोबाने तिने ताईला बुडवलं होतं. ताई नापास, फिट्टंफाट. जुनीने कागद तिच्यापुढे धरला. हे हेडसरांना दे, एवढंच म्हणाली.

पोरीने कागद घेतला. घडी उघडली. जुनीने हात पुढे केला, पण तोपर्यंत ती वाचायला लागली होती. मोठ्याने. सदर विद्यार्थिनीची. न थांबता, न अडखळता, जिथे थांबायचं तिथे थांबून, कॉलेजात आदर्श वाचन म्हणून ऐकवतात तसं. शेवटी जुनीचं नावही वाचलं. ते नाव त्या शाळेत पहिल्यांदाच कुणी मोठ्याने घेत होतं.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. दूर चहाच्या कपांचा आवाज येत होता.

पाय हलवायचे थांबले. पोरीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. कितीतरी आठवड्यांनी तिने मान वाकडी केली.

“ताई, ग्रहणशक्ती म्हणजे काय?”

जुनीने तिच्या शर्टाच्या टाचणीकडे बघितलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “जा, देऊन ये.”

पोरगी उठली. कागदाची होती तीच घडी परत घातली आणि व्हरांड्यातून निघाली. जाताना प्रत्येक दारावरची पाटी वाचत गेली. भांडार. पिण्याचे पाणी. शिक्षक कक्ष. मुलींसाठी. आवाज लांब लांब जात होता आणि एकही चूक होत नव्हती. मुख्याध्यापक, असं ऐकू आलं, आणि मग दार वाजवल्याचा आवाज.